नवरदेव मागे, वऱ्हाड पुढे

बॅटरीतल्या जेलमधून वीज किती वाहते हे मोजणे सोपे. ती कोण वाहून नेते हे कळायला मात्र रुग्णालयातील एमआरआयच्या सख्ख्या भावंडाकडे जावे लागते. सेलच्या कारखान्यांवर हजारो कोटी लावणाऱ्या देशाने हा दुसरा प्रश्न पहिल्याइतक्याच आग्रहाने विचारायला हवा.

मोबाइलच्या, इअरफोनच्या किंवा लग्नमांडवावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या बॅटरीवर बारीक अक्षरांत ‘लिथियम पॉलिमर’ असे छापलेले असते. घेणाऱ्याला वाटते, आत काहीतरी घट्ट, प्लास्टिकसारखे असणार. म्हणजे गळायचे नाही आणि पेटायचेही नाही. या समजुतीला बाजाराने कधी फारसा धक्का लावला नाही, कारण ती सोयीची आहे. प्रत्यक्षात अशा पुष्कळ बॅटऱ्यांत नेहमीचाच द्रव इलेक्ट्रोलाइट असतो, फक्त डबा पत्र्याचा नसून मऊ पाकिटाचा असतो. इलेक्ट्रोलाइट म्हणजे बॅटरीच्या दोन अग्रांमधला, आयनांना वाट करून देणारा पदार्थ. ज्या बॅटऱ्यांत खरोखर पॉलिमर असते, त्यांतही ते बहुधा एकटे नसते. पॉलिमरच्या जाळीत सेंद्रिय द्रावक आणि लिथियमचा क्षार मुरवलेला असतो. हा झाला पॉलिमर जेल इलेक्ट्रोलाइट. तो सांडत नाही हे खरे. पण त्याच्या पोटातले द्रावक बहुतेकदा ज्वलनशीलच असते, आणि ठिणगी मिळाली की जळते.

जेल म्हणजे काय, हे मराठी घराला वेगळे शिकवायला नको. दूध विरजले की प्रथिनांची जाळी तयार होते आणि तिच्यात पाणी अडकते. पातेले कलते केले तरी घट्ट लागलेले दही जागचे हलत नाही. मात्र त्यात सुमारे ८५ टक्के पाणीच असते. वरून साखर पेरली आणि न ढवळता ठेवले, तरी गोडी हळूहळू खाली उतरते. म्हणजे अख्खा पदार्थ वाहत नाही, पण जाळीच्या फटींतून लहान रेणू जवळपास द्रवात फिरावेत तसे फिरतात. ढवळल्याशिवाय, ढकलल्याशिवाय, केवळ उष्णतेच्या धक्क्यांनी होणाऱ्या या भटकंतीला शाळेच्या पुस्तकात विसरण म्हणतात. जेल इलेक्ट्रोलाइटची सारी मदार या विसरणावर आहे: बाहेरून घन, आतून द्रव.

कल्पना जुनी आहे. १९७३ साली ब्रिटनमधील शेफील्ड येथे पीटर राइट आणि सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड या पॉलिमरमध्ये अल्कली धातूंचे क्षार विरघळतात असे दाखवले. त्याच दशकाच्या अखेरीस फ्रान्सचे मिशेल आरमाँ यांनी त्यातून बॅटरी करता येईल, असे मांडले. अडचण एवढीच होती की हे पॉलिमर खोलीच्या तापमानाला बव्हंशी स्फटिकरूप होते आणि त्यातून आयन जेमतेम सरकत. तेव्हा त्यात द्रव मिसळून जेल करण्याची वाट पुढे आली. तसे प्रयोग १९७५ पासूनच झाले होते. पण १९९० च्या दशकात अमेरिकेतील बेलकोर कंपनीच्या प्रयोगशाळेने फ्लोरिनयुक्त पॉलिमरच्या पातळ पत्र्यात द्रव शोषवून लिथियम-आयन बॅटरी करून दाखवली, तेव्हा उद्योगांचे लक्ष तिकडे वळले. खोलीच्या तापमानाला अशा जेलची वाहकता कोरड्या पॉलिमरच्या हजारपट किंवा त्याहूनही अधिक भरते. जेलच्या बाजूने दिला जाणारा सर्वात मोठा पुरावा हाच आकडा.

आणि गोम इथेच आहे. वाहकता मोजणारे उपकरण एकूण वीज सांगते. ती कोणी वाहिली, हे सांगत नाही. टोलनाक्यावर दिवसात किती गाड्या गेल्या हे कळावे, पण त्यात भाजीचे टेम्पो किती आणि रिकाम्या मोटारी किती हे कळू नये, तसा हा प्रकार. क्षार विरघळला की त्याचे दोन आयन होतात. एक लिथियमचा धन आयन. बॅटरीचे खरे काम तो करतो, कारण एका अग्रातून निघून दुसऱ्यात जाऊन बसतो तोच. दुसरा त्याचा जोडीदार ऋण आयन, बहुतेक वेळा फ्लोरिन धारण करणारा. हा जोडीदारही विद्युतभारित असल्याने विजेच्या हिशेबात धरला जातो, पण अग्रात त्याला जागा नाही. तो नुसता इकडून तिकडे धावतो आणि दाराशी गर्दी करतो.

लिथियम हा धातूंतला सर्वात हलका. त्याचा आयन चिमुकला, तेव्हा तोच वेगाने पळत असेल असे कोणालाही वाटेल. होते उलटे. आकार लहान आणि भार पूर्ण, त्यामुळे द्रावकाचे रेणू त्याला घट्ट बिलगतात. साधारण चारजण सतत भोवती. वऱ्हाडाच्या गराड्यात सापडलेल्या नवरदेवासारखी त्याची गत होते. घाई त्याला सर्वात जास्त, आणि पाऊल उचलते सर्वात हळू. आकाराने थोराड असलेल्या ऋण आयनाला असे कोणी फारसे बिलगत नाही. तो मोकळेपणाने पुढे निघून जातो. परिणामी नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये एकूण विजेपैकी लिथियमचा वाटा बहुधा २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यानच राहतो. उरलेली वीज मोजमापात दिसते, जाहिरातीत शोभते, पण बॅटरी भरण्याच्या कामी येत नाही.

हे दोघे वेगवेगळे पाहायचे कसे? सूक्ष्मदर्शकाला विरघळलेले आयन दिसत नाहीत. रंग घालून माग काढावा, तर रंगाचा रेणूच आयनापेक्षा कितीतरी मोठा. इथे चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एनएमआर, कामी येते. काही अणूंची केंद्रके छोट्या चुंबकासारखी वागतात. त्यांना मोठ्या चुंबकात ठेवले की ती भोवऱ्यासारखी डुलत फिरतात, आणि त्या डुलण्याची वारंवारता प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते. १ टेस्ला क्षेत्रात हायड्रोजनची ४२.६ मेगाहर्ट्झ, फ्लोरिनची ४० आणि लिथियमची सुमारे १६.५. रेडिओचे बटण फिरवून केंद्र बदलावे तसे इथे मूलद्रव्य बदलता येते. योगायोग असा की जेल इलेक्ट्रोलाइटमधल्या मुख्य पात्रांची केंद्रेही वेगवेगळी पडतात. द्रावकात हायड्रोजन, ऋण आयनात फ्लोरिन आणि धन आयन तर साक्षात लिथियम. निसर्गाने इतकी सोय क्वचितच करून ठेवलेली असते.

पण नुसते ऐकू येणे आणि चाल मोजणे यांत फरक आहे. १९५० मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात एर्विन हान यांना आढळले की चुंबकातील केंद्रकांना ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे दोन धक्के दिले, तर थोड्या वेळाने त्यांच्याकडून एक प्रतिध्वनी येतो. केंद्रके मधल्या काळात जागा बदलत असतील तर हा प्रतिध्वनी क्षीण होतो, हेही त्यांनी नोंदवले. त्यांच्या दृष्टीने ती मोजमापातली एक अडचण होती. १९६५ मध्ये एडवर्ड स्टेस्कल आणि जॉन टॅनर यांनी ही अडचणच मोजपट्टी करून टाकली.

त्यांची युक्ती समजून घ्यायची तर मैदानावरचे लेझीम पथक डोळ्यांसमोर आणावे. सगळे एका ठोक्यावर आहेत, म्हणून आवाज एकच आणि मोठा आहे. आता हुकूम होतो: पहिल्या रांगेने एक ठोका पुढे जावे, दुसरीने दोन, दहावीने दहा. क्षणात ताल फुटतो. थोड्या वेळाने उलटा हुकूम: आता ज्या रांगेत उभे आहात, तितके ठोके मागे या. मधल्या काळात कोणी रांग सोडली नसेल, तर पथक पुन्हा एका ठोक्यावर येते. पण काहीजण सरकून दुसऱ्या रांगेत गेले असतील, तर त्यांचा हिशेब चुकतो. आवाज परततो, पण पहिल्याइतका भरदार नाही. जितके दूर सरकले असतील तितका तो पडेल. एनएमआरमध्ये रांगा पाडण्याचे काम एक जादा वेटोळे करते. त्यातून क्षणभर वीज सोडली की नमुन्याच्या एका टोकाला चुंबकक्षेत्र किंचित जास्त आणि दुसऱ्या टोकाला किंचित कमी होते. असे दोन झटके द्यायचे, मध्ये सेकंदाचा काही भाग थांबायचे आणि प्रतिध्वनी किती ओसरला ते पाहायचे. त्यातून आयन सरासरी किती अंतर भटकले ते थेट निघते. बॅटरीला तारा जोडाव्या लागत नाहीत, जेल कापावे लागत नाही, कोणताही रंग मिसळावा लागत नाही.

हीच युक्ती रुग्णालयात रोज वापरली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी अनुस्पंदनातून चित्र काढण्याची रीत दाखवली. १९८० च्या दशकात फ्रान्समधील देनी ल बिहाँ यांनी तिच्यात स्टेस्कल-टॅनर यांचे झटके मिसळून मेंदूतल्या पाण्याचे विसरण टिपले. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तिथल्या पेशी फुगतात आणि पाण्याची भटकंती मंदावते. सीटी स्कॅनमध्ये सुरुवातीच्या काही तासांत जे बहुधा दिसत नाही, ते विसरण-एमआरआयमध्ये काही मिनिटांतच उजळून दिसते. पक्षाघाताच्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा याचा निर्णय अनेकदा या चित्रावर होतो. मेंदूतले पाणी आणि जेलमधला लिथियम यांच्यासाठी गणिताचे सूत्र एकच आहे. एका ठिकाणी प्रतिध्वनी टिकून राहणे धोक्याची खूण, तर दुसऱ्या ठिकाणी नापास झालेल्या जेलची.

लिथियमचे मोजमाप मात्र पाण्याइतके सुखाचे नाही. झटक्याचा परिणाम केंद्रकाच्या चुंबकीय गुणाच्या वर्गाने बदलतो, आणि त्या हिशेबाने लिथियम हायड्रोजनपेक्षा साडेसहा पटींनी मंद प्रतिसाद देतो. त्यात त्याचे विसरणही पाण्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणून इथे झटके रुग्णालयातल्या यंत्राच्या शेकडो पट तीव्र लागतात. जपानमधील त्सुकुबाच्या किकुको हायामिझू यांनी हे काम चिकाटीने केले. १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १४ सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम, ऋण आयन आणि द्रावक या तिघांचे विसरण स्वतंत्रपणे मोजून एकत्र मांडले. बॅटरीच्या क्षेत्रात झगमगाट करणारे शोध पुष्कळ झाले. अशी शांतपणे केलेली मोजणी मात्र त्या सगळ्यांच्या पायात असते, आणि तिला पारितोषिके मिळत नाहीत.

या मोजमापांतून निघणारे आकडे लहान वाटतात, पण बोलके आहेत. चांगल्या द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम एका सेकंदाच्या दहाव्या भागात, एका दिशेने मोजले तर, सुमारे ४ ते ५ मायक्रॉन भटकतो. दोन अग्रांमधला पडदा असतो साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. निव्वळ भटकंतीच्या भरवशावर तो पार करायला लिथियमला २ सेकंदांच्या आसपास लागतात. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. जेलमध्ये पॉलिमर जसजसे वाढवावे तसतशी ही चाल मंदावते. म्हणजे मजबुती हवी तर वेग सोडा, वेग हवा तर मजबुती. कारखान्यातला खरा झगडा या दोहोंमधला आहे.

जेल वरून एकजिनसी दिसले तरी आतून तसे असेलच असे नाही, हेही अनुस्पंदनानेच उघड केले. दोन झटक्यांमधला वेळ वाढवत नेला आणि विसरणाचा आकडा घटत गेला, तर समजावे की आयन कुठेतरी भिंतींवर आपटत आहेत. एकाच नमुन्यात एक जलद आणि एक मंद असे दोन गट निघाले, तर पॉलिमरच्या जाळीत द्रवाचे वेगळे कप्पे साठले आहेत, असा अर्थ होतो. पॉलिमर कोणते निवडले यानेही फरक पडतो. ज्याच्या साखळीवर ऑक्सिजनचे अणू ओळीने असतात, ते पॉलिमर स्वतःच लिथियमला पकडते. गर्दीच्या लोकलमध्ये प्रवासी एक कडी सोडून दुसरी धरत सरकतो, तसा मग तो साखळी हलेल तेव्हाच पुढे जातो. फ्रान्समधील क्लोद बेर्तिए आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अनुस्पंदनाच्याच आधारे दाखवून दिले होते की पॉलिएथिलीन ऑक्साइडमध्ये आयन स्फटिकी भागातून नव्हे, तर सैल, अस्ताव्यस्त भागातून चालतात. त्याआधी नेमकी उलटी समजूत प्रचलित होती. नीटस स्फटिकी बोगद्यांचे चित्र सुरेख होते. फक्त चुकीचे होते.

अर्थात एनएमआरचा शब्द अंतिम मानण्याचेही कारण नाही. लिथियम आणि त्याचा जोडीदार हात धरून जोडीने फिरत असतील, तर जोडीचा एकूण भार शून्य. ती वीज वाहत नाही. विसरणाच्या मोजमापात मात्र ती गणली जाते, कारण केंद्रक एकटे आहे की जोडीने, याचा झटक्यांना पत्ता नसतो. म्हणून विसरणावरून काढलेली वाहकता प्रत्यक्ष मोजलेल्या वाहकतेपेक्षा जास्त येते. ही तफावतच उपयोगाची आहे. किती आयन मोकळे आहेत आणि किती जोडीने अडकले आहेत, याचा अंदाज तीवरून बांधता येतो. यंत्रातच नमुन्याला विजेचे क्षेत्र लावून आयन कोणत्या दिशेला ओढले जातात हे पाहण्याची पुढची रीतही आता आहे. तिने धक्केही दिले. २०१८ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठातील संशोधकांना काही आयनिक द्रवांत लिथियम चक्क उलट्या दिशेने जाताना आढळला. ऋण आयनांच्या घोळक्यात तो इतका अडकला होता की त्यांच्याबरोबरच ओढला गेला. असे आयनिक द्रव मुरवून जेल करण्याचे प्रयोगही होत असतात. तिथे वाहकतेचा मोठा आकडा पाहून टाळ्या वाजवणाऱ्याने थोडे थांबलेले बरे.

हा सगळा प्रयोगशाळेतला बारकावा आहे, सामान्य माणसाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने पेट्रोल पंपाशेजारच्या चार्जिंग केंद्राकडे पाहावे. वीस मिनिटांत गाडी भरा, असे तिथला फलक सांगतो. जलद चार्जिंगमध्ये ऋणाग्राला लिथियम भराभर हवा असतो आणि इलेक्ट्रोलाइट तो त्या गतीने पुरवू शकत नाही. अग्राजवळ लिथियमचा दुष्काळ पडतो, दुसऱ्या टोकाला साठा होतो. अशा वेळी लिथियम अग्राच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूरूपात, शेवाळासारखा किंवा सुयांसारखा, साचू लागतो. ती सुई पडदा भेदून पलीकडे पोचली की आतल्या आत शॉर्ट सर्किट. २०१२ मध्ये केंब्रिजच्या क्लेअर ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियमच्याच केंद्रावर लावलेल्या एमआरआयने बॅटरी न उघडता ही धातूची वाढ टिपली. ज्या जेलमध्ये विजेतला लिथियमचा वाटा मोठा, तिथे हा दुष्काळ उशिरा पडतो. म्हणून ऋण आयनालाच पॉलिमरच्या साखळीला बांधून टाकण्याचे प्रयत्न चालू आहेत. तो बांधला गेला की फ्लोरिनच्या केंद्रावर शांतता पसरते आणि फिरतो फक्त लिथियम. अशा पॉलिमरची एकूण वाहकता कमी भरते, त्यामुळे तक्त्यात ती मागे दिसतात. एकाच आकड्यावर गुणवत्ता ठरवण्याचा तोटा तो हाच.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेवरच्या दुचाकी पेटल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरी-सुरक्षेचे निकष त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने कडक केले. ते योग्यच झाले. पण हे निकष तयार बॅटरीची परीक्षा घेतात: ती हलवा, आपटा, तापवा, अतिचार्ज करा आणि काय होते ते पाहा. आतला पदार्थ कसा वागतो, हा त्यांचा विषय नाही. ‘पॉलिमर’ या शब्दाने निश्चिंत होणाऱ्यांसाठी त्याच वर्षीचे पॅरिसचे उदाहरणही आहे. तिथे घन पॉलिमर इलेक्ट्रोलाइटच्या बॅटरीवर चालणाऱ्या दोन बस पेटल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये त्या प्रकारच्या १४९ बस मार्गावरून काढून घेण्यात आल्या. पॉलिमर हे पदार्थाचे नाव आहे, सुरक्षेचे प्रमाणपत्र नव्हे.

मे २०२१ मध्ये केंद्राने प्रगत बॅटरी सेलच्या देशी उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. उद्दिष्ट ५० गिगावॅट-तास क्षमतेचे. योजनेचे माप आहे उत्पादन आणि त्यातला देशी वाटा. हे दोन्ही हवेतच. मात्र बाहेरून आणलेल्या कृतीने स्वयंपाक करणे वेगळे आणि मीठ का कमी पडले हे चाखून सांगता येणे वेगळे. जेल इलेक्ट्रोलाइटवर भारतीय विद्यापीठांत काम थोडे नाही. बनारस आणि दिल्लीपासून अनेक ठिकाणी ते दशकानुदशके चालू आहे. त्यातल्या पुष्कळ कामाचा शेवट मात्र वाहकतेच्या आकड्यापाशी होतो, कारण त्याचे उपकरण विभागातच असते. लिथियमचे विसरण मोजायचे तर तीव्र झटके देणारी खास जोडणी लागते, आणि ती लांबच्या मोठ्या संस्थेत. नमुना हवेतल्या ओलाव्याने बिघडणारा, यंत्रापाशी रांग औषधशास्त्राच्या आणि प्रथिनांच्या अभ्यासकांची. संशोधक विद्यार्थी आकडा अधिक एका दशांशाने वाढवतो आणि निबंध पाठवून देतो.

याची खंत अधिक वाटावी असा इतिहास आहे. वाहत्या द्रवातील अनुस्पंदनावरचा सुरुवातीच्या काळातला एक निबंध १९५१ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून जी. सूर्यन यांनी प्रसिद्ध केला. म्हणजे अनुस्पंदनाने हालचाल टिपण्याचा विचार या देशात स्टेस्कल-टॅनर यांच्या चौदा वर्षे आधी झाला होता. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये अल्कोहोलच्या एकाच रेणूतल्या हायड्रोजनचे तीन वेगळे सूर दाखवणाऱ्या निबंधावर एस. एस. धर्माट्टी यांचे नाव होते. पुढे त्यांनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शास्त्राची पायाभरणी केली. आज मुंबईत उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यंत्रे आहेत आणि माणसेही आहेत. पुणे-चाकण पट्ट्यात वाहन उद्योग आहे. वाहनांचे ते एआयएस निकष प्रसिद्ध करणारी एआरएआय पुण्यातच आहे. या सगळ्यांमधले अंतर फार मोठे नाही. त्यांच्यातले विसरण मात्र जेलपेक्षाही मंद.

आणखी एक गोष्ट या मातीची आहे. इलेक्ट्रोलाइटचे आकडे जगभर बहुधा २५ अंश सेल्सिअसला मोजून दिले जातात. विदर्भात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीच्या आसनाखाली त्याहून किती, हे तिथल्या कोणालाही विचारावे. उष्णतेत आयन जलद फिरतात, एवढ्यापुरते ते बरेच. पण जेलही दह्यासारखेच असते. जास्त तापले, फार दिवस राहिले की दह्याला पाणी सुटते. तसे जेलमधून द्रावक सुटू लागले की जाळी आकसते, कुठे कोरडे आणि कुठे ओले असे पट्टे पडतात, आणि लिथियम ओल्या वाटेनेच गर्दी करतो. बाहेरून बॅटरी तशीच दिसते. हायड्रोजनच्या केंद्रावर मात्र द्रावकाचा एक जलद आणि एक मंद असे दोन गट वेगळे ऐकू येऊ लागतात. सेल फुगण्याच्या कितीतरी आधी हे कळू शकते.

त्यासाठी प्रत्येक ठिकाणी द्रव हेलियमने थंड ठेवायचे कोट्यवधींचे चुंबक लागतात असेही नाही. हेलियम तर आयातच करावे लागते. कायमस्वरूपी चुंबकावर चालणारी, टेबलावर मावणारी एनएमआर यंत्रे आता मिळतात. त्यांचे क्षेत्र १ ते २ टेस्लाच्या घरातले, पण लिथियम, फ्लोरिन आणि हायड्रोजन ही तिन्ही केंद्रे ऐकू शकणारी आणि विसरण मोजणारी यंत्रेही त्यांत आहेत. अवघड नमुन्यांसाठी मुंबई-पुण्यातली मोठी यंत्रे, रोजच्या तपासणीसाठी कारखान्यातले आणि विद्यापीठातले छोटे यंत्र, अशी विभागणी सहज शक्य आहे. सार्वजनिक पैशातून घेतलेली उपकरणे इतरांना वापरता यावीत म्हणून केंद्राचे आय-स्टेम हे संकेतस्थळ जानेवारी २०२० पासून आहे. त्यावर यंत्राचे नाव असणे आणि बाहेरगावच्या संशोधकाला ओलावा न लागू देता नमुना ठेवायची सोय व चार दिवसांची वेळ मिळणे, या निराळ्या गोष्टी आहेत. प्रोत्साहनाचे पैसे घेणाऱ्या उत्पादकाने आपल्या जेलमध्ये लिथियमचा वाटा किती, तो २५ अंशांना किती आणि ४५ अंशांना सहा महिने ठेवल्यावर किती, एवढे तीन आकडे जाहीर करावेत, अशी अट योजनेला जोडायला नवा कायदा लागत नाही.